आज पक्षी, दुकान बंद

माझ्या सासऱ्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना जे उत्तर दिलं, ते ऐकून डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. असं लोक नेहमीच करतात. माझ्या चेहऱ्यात काहीतरी असं आहे, की घरातलं कोणीही काहीही बोललं तरी त्याचा खुलासा माझ्याकडे मागितला जातो.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "उजव्या डोळ्याचा मागचा पडदा सुटत चाललाय. ऑपरेशन लवकर करू. डोळा वाचेलच अशी खात्री देत नाही. पण उशीर केलात तर जाईल, याची खात्री देतो."

डावा डोळा अण्णांचा पूर्वीच गेलेला. म्हणजे घरात शिल्लक असलेला हा एकच. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करू की. पण आधी पक्षी येऊ देत."

"कोण येऊ देत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

आता हे डॉक्टरांना पाच मिनिटांत कसं सांगायचं? अण्णा घड्याळजी. सगळा जन्म डोळ्यात भिंग खोचून, वीतभर अंतरावरच्या चाकांकडे बघण्यात गेला. त्यांचं दुकान कधी बंद नसे. घरात कोणी आजारी असो, बाहेर संप असो, दुकान उघडं. पण हवा पालटायला लागली आणि उत्तरेकडचे पक्षी बंदराच्या चिखलात उतरायला लागले, की ज्या दिवशी पहिला थवा दिसेल त्या दिवशी ते दारावर पाटी लावत, 'आज पक्षी. दुकान बंद.' आणि धक्क्यावर जाऊन संध्याकाळपर्यंत वर बघत बसत. हा दिवस कुठल्या कॅलेंडरात नसल्यामुळे गिऱ्हाइकांची फार पंचाईत होई. एका नवऱ्या मुलाचं घड्याळ त्या दिवशी दुकानात अडकलं आणि तो स्वतःच्याच लग्नाला उशिरा पोचला. मुलीने तरीही त्याच्याशी लग्न केलं, हा काही पक्ष्यांचा दोष म्हणता येणार नाही.

बरं, अण्णांना पक्ष्यांतलं काही कळतं असंही नाही. एकाचंही नाव त्यांना येत नाही. त्यांच्या लेखी पक्ष्यांच्या तीनच जाती. पुढे धावणारे, मागे पडणारे आणि तेल मागणारे. तेल मागणारे म्हणजे उडताना कुरकुरतात ते.

"ऑपरेशनमध्ये गेला डोळा, तर?" अण्णा डॉक्टरांना म्हणाले. "आहे त्या डोळ्याने एकदा बघून घेतो. मग तो डोळा तुमचा. तुम्हाला काय करायचं ते करा."

डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही ते बंदराचं बघा."

आमच्या घरात 'बघा' या शब्दाला फार वजन आहे. 'नळाचं बघा' म्हणजे स्वयंपाकघरात आडवं पडून भिजा. 'भाच्याच्या नोकरीचं बघा' म्हणजे चार ठिकाणी तोंड वेंगाडा. त्यामुळे 'बंदराचं बघा' म्हटल्यावर मी उरलेल्या रजा मोजायला लागलो. डोळा दिवसागणिक विझत होता आणि पक्षी कुठे होते ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना आणायची जबाबदारी मात्र माझी होती.

मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. लोक दावे करतात आणि मी ते फेटाळतो. 'खेदपूर्वक कळवण्यात येते की' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत, की हल्ली झोपेतही मला बराच खेद होतो. पण माझी एक ख्याती आहे. खोटा दावा मी पाकीट फोडायच्या आधी ओळखतो. साहेब नवीन लोकांना माझ्या टेबलाशी आणून सांगतात, "यांना फसवून दाखवा." माझ्या आयुष्यात अभिमान बाळगावा अशी एवढी एकच गोष्ट होती. होती, असं मी मुद्दाम म्हणतोय.

संध्याकाळपर्यंत बातमी जिन्याने खालीवर झाली. पहिल्यांदा आले तळमजल्यावरचे भूगोल मास्तर. निवृत्त झाले तरी त्यांच्या बोटाला खडू लागलेला असतो, तो कुठून येतो हे आम्हाला कोडंच आहे. ते पृथ्वीचा गोल काखेत मारूनच आले. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी पृथ्वी ठेवली, पक्षी कुठून निघतात ते दाखवलं, कुठे थांबतात ते दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "वारा फिरल्याशिवाय येणार नाहीत. अजून वारा फिरलेला नाही. लिहून देतो."

"कधी फिरेल?" बायकोने विचारलं.

"ते वाऱ्यावर आहे," मास्तर म्हणाले आणि जाताना स्वतःची जुनी दुर्बीण देऊन गेले. दुर्बिणीची एक नळी आतून धुरकटली होती. अण्णांना एकच डोळा, दुर्बिणीलाही एकच, म्हणजे जोडा जमलाच म्हणायचा. पण चांगली नळी डावी निघाली आणि अण्णांचा डोळा उजवा. त्यामुळे दुर्बीण खालची बाजू वर करून धरावी लागे आणि मग तिचा पट्टा तोंडावर येई. अण्णा पट्टा दातात धरून बघत. बघताना बोलायची सोय उरत नसे, हा एक फायदाच.

मग आल्या वरच्या वहिनी. त्यांच्या आत्याचा पडदा म्हणे गाजराच्या रसाने चिकटला होता. "रोज उपाशीपोटी द्या. आणि डोळ्याला वारा लागू देऊ नका." आम्ही वारा फिरायची वाट बघत होतो आणि वहिनी वारा लागू देऊ नका म्हणत होत्या, तेव्हा कोणाचं ऐकायचं? शिवाय त्यांनी त्यांच्या सासूबाईंची चाकाची खुर्ची देऊ केली. अण्णांचे पाय ठणठणीत आहेत, फक्त ते कुठे पडतायत हे त्यांना दिसत नाही, असं मी सांगून बघितलं. पण वहिनींच्या खोलीत त्या खुर्चीने बरीच जागा अडवली होती. सासूबाई गेल्यापासून खुर्ची पडून होती. ब्रेक सासूबाईंच्याही आधी गेला होता. हे मला पुढे कळलं.

बंदराच्या आत जायला हल्ली पास लागतो. जुन्या धक्क्यावरून समोरचा सगळा चिखल दिसतो, आणि पक्षी तिथेच उतरतात. पासाच्या खिडकीमागे एक बाई बसतात. त्यांच्यासमोर तीन खोके.

"उतारू, माल की इतर?" बाईंनी विचारलं.

"इतर," मी म्हणालो. "पक्षी बघायचेत."

"इतर बंद आहे. इतर आमच्या साहेबांकडे असतं. साहेब रजेवर आहेत."

"मग उतारू म्हणा."

"कोणाला घ्यायला आलात?"

"पक्ष्यांना."

"कुठल्या जहाजाने येणार?"

"जहाजाने येत नाहीत हो. उडत येतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग बंदरावर कशाला येतात?"

हाच प्रश्न मी नंतर मास्तरांना विचारला, तर ते बराच वेळ नुसता गोल फिरवत बसले. शेवटी बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी 'नातेवाइकांना घेण्यासाठी' असा पास दिला. त्यावर फक्त उतारूंच्या प्रतीक्षालयात बसता येतं. प्रतीक्षालयाला एकच खिडकी आहे आणि ती गोदामाच्या भिंतीवर उघडते. आम्ही दिवसभर लोकांच्या बॅगांमध्ये बसलो. अण्णा शहाण्या मुलासारखे मांडीवर दुर्बीण घेऊन बसले होते. संध्याकाळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "जावईबापू, समुद्र कुठल्या बाजूला आला?"

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी काहीतरी करून बसतो, हा माझा स्वभाव आहे.

दुसऱ्या दिवशी मी धक्क्याच्या फाटकावर सरळ कंपनीचं ओळखपत्र काढलं. पहारेकऱ्याने ते वाचलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. "पाहणीला आलात साहेब?"

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही, एवढंच. आमच्या विभागात या दोन गोष्टींत फार मोठा फरक मानतात.

"आणि हे?" त्याने वहिनींच्या चाकाच्या खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे बोट दाखवलं.

"मी घड्याळजी," अण्णांनी दातातला पट्टा सोडून खरं ते सांगितलं. पहारेकऱ्याला वाटलं, एवढी बारीक पाहणी आहे तर प्रकरण गंभीर असणार. त्याने सलाम ठोकला आणि आम्हाला पार धक्क्याच्या टोकापर्यंत नेलं.

समोर चिखल होता. ओहोटीचा, काळा, लांबवर पसरलेला आणि संपूर्ण रिकामा. चार इथलेच बगळे उभे होते, तेही घरचं काहीतरी बिघडल्यासारखे. अण्णा बघत बसले. मीही बघत बसलो. पहारेकरी मात्र माझ्याच तोंडाकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "साहेब, कठडा कसा वाटतो?"

माणूस इतका अदबीने विचारतोय तर दोन बोटं लावावीत, म्हणून मी कठडा जरा हलवून बघितला. कठडा माझ्या हातात आला.

मी तो परत जागेवर ठेवायचा प्रयत्न केला. खोटं कशाला सांगू, तो टेकवून, वर रुमाल झटकून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघून यायचा माझा विचार होता. पण पहारेकरी कर्तव्यदक्ष निघाला. आपल्याकडे कर्तव्यदक्ष माणसं नको तिथेच नेमलेली असतात. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी होती. 'धक्का धोकादायक आहे. विमा कंपनीच्या पाहणीनुसार प्रवेश बंद.' जुन्या धक्क्यावर आजवर बंदरातली दुनिया येत-जात होती. माझ्या दोन बोटांनी तो बंद झाला.

आणि त्याच आठवड्यात कठड्याच्या नुकसानीचा दावा आमच्या कंपनीत दाखल झाला. तो आला माझ्याच टेबलावर. 'आपल्या तज्ज्ञांनी घड्याळजीसमवेत केलेल्या पाहणीत' असं त्यात होतं. साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "घड्याळजी कशाला नेला होतात?"

मी सगळं सांगितलं. पडदा, पक्षी, खुर्ची, कठडा. साहेब खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." हे वाक्य मी स्वतः कित्येक वारसदारांना ऐकवलं आहे. ते इतकं लागतं, याची मला कल्पना नव्हती. मग मी टेबलावर येऊन माझीच पाहणी मीच फेटाळली. खेदपूर्वक.

तेव्हा आम्हाला उरला गोदामाच्या रस्त्यावरचा दगडी बाक. कुंपणाच्या बाहेर, धान्याच्या गोदामाला लागून. तिथून तारेपलीकडे चिखलाची एक पट्टी दिसते आणि आकाश मात्र हवं तेवढं. रोज ऑफिसच्या आधी मी अण्णांना तिथे बसवायचो, दुपारच्या सुट्टीत धावत यायचो, संध्याकाळी घेऊन जायचो. मधल्या वेळात बायको बसायची. रस्त्याला उतार आहे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. मी खिशातून रुमाल काढायला खुर्चीचा हात सोडला आणि अण्णा निघाले. आवाज नाही, आरडाओरडा नाही. ताठ बसून, पट्टा दातात धरून माणूस उताराने निघालाय आणि मागून मी ऑफिसच्या बुटांनी धावतोय. गोदामाच्या दारातल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगाने त्यांना झेललं. मी धापा टाकत पोचलो, तर म्हणाले, "आज वारा छान होता हो." नंतर आम्ही खुर्ची वहिनींना परत केली. त्यांनी दार उघडायला फार वेळ लावला.

यात हसण्यासारखं काय होतं ते हसून झालं. बाकी दिवस वाईट होते. अण्णांच्या डोळ्यात खालून एक काळा पडदा वर चढत होता आणि ते त्याची रोज मला खबर देत, अगदी घड्याळाची वेळ सांगावी तशी. "आज तुमचे खांदे दिसत नाहीत, जावईबापू. डोकं आहे." मग, "आज मिशी गेली." एका सकाळी त्यांनी खुंटीवरच्या माझ्या कोटाला, निघायचं ना, असं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. बायको स्वयंपाकघरात होती. तिने ते बघितलं आणि नळ मोठा सोडला. ती रडते तेव्हा नळ मोठा सोडते. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं.

वारा फिरत नव्हता. मास्तर रोज जिन्यात बोट ओलं करून वर धरत आणि मान हलवत. डॉक्टरांचा निरोप आला, की आता शेवटची तारीख देतोय, यापुढे माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

त्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या पक्षी आलेच पाहिजेत."

"मी कुठून आणू?"

"आणू नका. आले म्हणा."

"अगं, पण..."

"त्यांना आता तुमचं नुसतं कपाळ दिसतंय. पक्षी कुठले ते काय कळणार आहे? तुम्ही आले म्हणा. डोळा तरी राहील." मग तिचा आवाज फुटला. "माझ्याच्याने नाही होणार. माझ्या तोंडाकडे न बघताही त्यांना माझं खोटं कळतं. लहानपणापासून कळतं. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

हे मला नवीन होतं. लग्न झाल्यापासून अण्णांनी मला घरातलं एकही घड्याळ किल्ली द्यायला दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. मला एक गोष्ट ठाऊक झाली होती. दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजला की गोदामाच्या पत्र्यांवरची सगळी कबुतरं एकदम उठतात. वर जातात, दोन-तीन घिरट्या घेतात आणि परत पत्र्यावर येऊन बसतात. रोज. भोंगा झाला. कबुतरं उठली. डोक्यावर फडफडाट झाला आणि मी उभा राहून म्हणालो, "आले! अण्णा, आले!"

खोटा दावा कसा ओळखायचा, हे मी नवीन लोकांना शिकवतो. पहिलं वाक्य गरजेपेक्षा ठाम असतं. माझं होतं.

अण्णांनी दुर्बीण उचलली नाही. नुसता डोळा वर केला. "आले?"

"आले."

"पुष्कळ आहेत?"

"पुष्कळ."

ते मान तिरकी करून, डोळ्यात उरलेल्या वरच्या फटीतून बघत राहिले. कबुतरांनी घिरट्या घेतल्या. मी मनात त्यांना विनवत होतो, की बाबांनो आज तरी जरा लांब जा, जरा मोठी चक्कर मारा. पण ती कबुतरं. पत्र्यावर उतरली आणि दाणे टिपायला लागली.

"छान," अण्णा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "यंदा थोडक्यात आटपलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. "चला. डॉक्टरांना सांगा, डोळा घ्या म्हणावं."

मला वाटलं सुटलो. पण पक्षी आले म्हणजे सुट्टी. अण्णांनी मला त्या दिवशी ऑफिसला परत जाऊ दिलं नाही. ट्रंकेतून पाटी काढायला लावली आणि आमच्या दाराला अडकवायला लावली, आज पक्षी, दुकान बंद. दुकान विकून किती काळ लोटला, पण पाटी ठेवलेली. मी दारात खिळा ठोकत होतो आणि मागे मास्तर येऊन उभे राहिले.

"आले?" त्यांचा चेहरा पडला. "शक्य नाही. वारा..."

मी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं आणि सांगितलं. मास्तर पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. "अहो, मी सगळ्या हयातीत एकही चुकीचं स्थलांतर शिकवलं नाही."

"तुम्ही काही बोलू नका, एवढंच."

"कबुतरं म्हणजे... कबुतरं कुठेच जात नाहीत हो. हे तरी निदान..."

पण मास्तर बोलले नाहीत. चहाला आले, अण्णांसमोर बसले, अण्णांनी विचारलं, "यंदा लवकर वळले, नाही?" तेव्हा हातातल्या कपाकडे बघून म्हणाले, "होतं असं कधी कधी." तो चहा त्यांनी संपवला नाही. वहिनी मात्र आनंदाने सगळ्या जिन्यात सांगत सुटल्या, की अण्णांना पक्षी दिसले, गाजराचा गुण आला.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांच्या डोळ्यासमोर टॉर्च धरला, बाजूला केला, पुन्हा धरला. अण्णांना उजेड कळत होता आणि अंधार कळत होता. मधलं काही कळत नव्हतं. डॉक्टर या वेळीही माझ्याकडे बघूनच बोलले, "अजून थांबला असता तर हा उजेडही राहिला नसता."

म्हणजे माझं चुकलं असं कोणी म्हणू शकत नाही. कुठल्याही विभागाने तपासावं, कागद माझ्या बाजूचे आहेत. पण त्या माणसाकडे बघण्यासारखं थोडंसं काही उरलं होतं. ते त्यांनी एका गोष्टीसाठी जपून ठेवलं होतं. आणि मी ते गोदामाच्या कबुतरांवर खर्च करायला लावलं. मला याची लाज वाटत होती, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही वाटतच होती.

अण्णांनी मात्र बाकावर बसायची सवय सोडली नाही. "घरात कोंडल्यासारखं होतं. तिथे निदान उजेड मोठा असतो," म्हणाले. म्हणून मी त्यांना हात धरून नेत राहिलो.

एका सकाळी मास्तर जिन्यात भेटले. बोट वर धरून उभे होते. माझ्याकडे बघितलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि अण्णांचा हात माझ्या हातात बघून बाजूला सरले. मी काय ते समजलो. पाय मागे घ्यावा असं फार वाटलं. पण अण्णा पुढे निघाले होते.

बाकावर बसून थोडाच वेळ झाला असेल, तेव्हा आवाज यायला लागला. आधी वाटलं, बंदरात कुठेतरी साखळी ओढतायत. मग तो वर सरकला. मी वर बघितलं. समुद्राकडून एक रेघ येत होती. तिच्यामागे दुसरी. मग रेघा मोजण्यात अर्थ उरला नाही, कारण सगळं आकाशच चालायला लागलं होतं. माझ्या जन्मात मी असं काही बघितलं नव्हतं. कारण खरं सांगायचं तर मी कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. अण्णांचं ते वेड होतं आणि मी ऑफिसात असे.

अण्णांनी चेहरा वर केला होता. ऑपरेशननंतरच्या काळ्या चष्म्याच्या काचांत ते सगळं दिसत होतं, पुढून मागे सरकताना.

"जावईबापू," ते म्हणाले. "वर काय आहे?"

पक्षी येऊन गेले होते. आमच्या दाराला पाटी लागली होती, चहा झाला होता. आता काय सांगू?

"काही नाही, अण्णा. कबुतरं."

"हं." ते ऐकत राहिले. वरून तो कुरकुरणारा आवाज थांबतच नव्हता. "बरीच आहेत."

"हो. बरीच आहेत."

मग चाचपडत त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ बांधतात तिथे. "मग सांगा ना. कबुतरं तर कबुतरं. पण नीट सांगा."

मी बाकावर सरसावून बसलो. पहिल्यांदा शब्द सापडेनात. मला दावे फेटाळायचे शब्द येतात, दुसरे फारसे येत नाहीत.

"लांब रांगा आहेत," मी म्हणालो. "एक पुढे असतो, मग तो मागे जातो, दुसरा पुढे येतो."

"कबुतरांत?"

"कबुतरांत. पाय लांब आहेत त्यांचे. उडताना शेपटीच्या मागे काढलेत, सरळ. चोच... चोच अण्णा, केवढी तरी लांब आहे, आणि टोकाशी खाली वाकलेली. पोटाकडून पांढरट. पंख हलवायचे थांबवून घसरत येतायत आता. काही दमलेत. एक अगदी खालून गेला, त्याचा एक पाय लोंबत होता. चिखलावर उतरतायत. उतरल्यावर धावतात चार पावलं, मग थांबतात. थांबले की झाडून सगळे वाऱ्याकडे तोंड करतात. चिखल दिसत नाही आता. कुठेच दिसत नाही."

अण्णांचा अंगठा माझ्या मनगटावर होता. तो हलत नव्हता.

मागून चपलांचा आवाज आला. बायको अर्ध्या वाटेतूनच धावत आली असावी, पदर खांद्यावरून सुटलेला. ती कुंपणाशी उभी राहिली, तोंडावर हात धरून वर बघत. मग आमच्याकडे वळली आणि तिचे डोळे भरून आले. "अण्णा..." ती म्हणाली.

"गप बस गं," अण्णा म्हणाले. "जावईबापू मला कबुतरं सांगतायत. मध्ये बोलू नकोस."

ती त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसली. मी पुढे सांगत राहिलो.